चार बाय सहाची पोकळी

मुनिरका गावात पन्नास गजांच्या प्लॉटवर पाच मजले चढवायचे म्हटलं, की तीन भिंती शेजाऱ्यांना चिकटतात आणि चौथी अरुंद गल्लीकडे तोंड करते. उजेडासाठी उरतो तो शाफ्ट, चार फूट बाय सहा. प्रत्येक मजल्यावर त्यावर लोखंडी जाळी बसते; दिल्लीत तिला 'जाल' म्हणतात. थंडी आली की वरचा भाडेकरू त्यावर प्लास्टिक अंथरतो, उन्हाळ्यात सामान रचतो. तळमजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट. या एका गोष्टीनं माझा पिच्छा सोडलेला नाही.

बुडाशी पोचतो तो भिंतींवर आपटत, दर आपटीला थोडा मरत आलेला उजेड. मी पांढऱ्या चकचकीत टाइल्स लावून पाहिल्या. वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान ठेवल्या, खालच्या मोठ्या, म्हणजे वरच्या भिंती उजेड गिळणार नाहीत. फरक पडतो, पण जाल झाकली की सगळं व्यर्थ.

ही जमीन लाल डोऱ्यातली, म्हणजे गावठाणाच्या हद्दीतली. 1963 च्या अधिसूचनेनं इथल्या बांधकामांना नकाशा-मंजुरीतून सूट मिळाली; पुढे नियम बदलले, वहिवाट राहिली. शेजारच्या वसंत विहारात कायदा माझ्या बाजूनं बोलतो. इथे त्या चोवीस चौरस फुटांसाठी मालकाशी मलाच बोलावं लागतं. आणि त्याचं चुकतं असंही नाही. गावची शेती जेएनयू आणि भोवतालच्या वसाहतींसाठी गेली. आता भाडं हेच पीक. पोकळी सोडली तर दर मजल्याला एक न्हाणीघर कमी होतं.

अशा वेळी मला वास्तुकलेची थिअरी लागते. आमच्या धंद्यातले पुष्कळजण ती कॉलेजच्या पेपरापुरती मानतात. थ्रीडी व्ह्यू दाखवला, दर्शनी भिंतीला दगडी टाइल लावली, की त्यांचं काम झालं. मला याचा संताप येतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं दोन हजार वर्षांपूर्वी मजबुती, उपयोग आणि सौंदर्य एकत्र मागितलं. हे लोक त्यातलं तिसरं रस्त्याकडच्या भिंतीवर चिकटवून मोकळे होतात. वास्तुशास्त्राबद्दल हट्ट धरणारे मालकही शौचालयाची दिशा विचारतात, मधलं ब्रह्मस्थान मोकळं ठेवा असं कुणी म्हणत नाही.

मी मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या वास्तुकार अच्युत कानविंद्यांकडे पुन्हा पुन्हा वळतो. 1959 साली ललित कला अकादमीनं दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद घेतला, नेहरूंनी उद्घाटन केलं आणि त्याच्या वृत्तांताचं संपादन कानविंद्यांनी केलं. बांधायची घाई असलेल्या त्या काळात हे लोक कशासाठी बांधायचं यावर भांडत बसले, याचं मला फार मोल वाटतं. पुढे मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी गरम हवा वर खेचणारे शाफ्ट छपरावर असे उभे केले, की तेच इमारतीचं रूप झालं. आम्ही जे पाठीमागे लपवतो, ते त्यांनी पुढे आणलं.

यंदा माझ्याकडे सोलापूरची एक मुलगी प्रशिक्षणाला आली. माझा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, हा शाफ्ट कुणाचा?"

मी उजेड मोजत होतो, ती मालकी विचारत होती. वाड्याचा चौक सगळ्यांच्या येण्याजाण्यात असतो, म्हणून तो कुणी झाकत नाही. माझी पोकळी प्रत्येक मजल्याच्या मोरीमागे दडलेली. ती ज्याच्या त्याच्या ताब्यात जाणारच. तिचं म्हणणं, शाफ्ट जिन्याला जोडा. जाल हवीच कशाला?

मला ते झोंबलं. पोकळी सोडणारा आर्किटेक्ट म्हणून गावात माझं नाव आहे आणि ते मला आवडतं. माझे सेक्शन मी सुबक काढतो, कुणी कौतुक केलं की दिवस चांगला जातो. ही कल्पना आपली असती तर, असं मनात येऊन गेलंच.

नवा नकाशा तिनंच काढला आहे. जिना पोकळीभोवती वळतो, कठडा जाळीदार, वरचं तोंड काचेनं झाकलेलं आणि बाजूंनी हवेला मोकळं. मालक तयार आहे, कारण जिन्याची जागा तशीही जाणारच होती. फक्त सांडपाण्याचे पाइप त्याच पोकळीतून उतरवायचे असा त्याचा आग्रह आहे. ते मी होऊ देणार नाही. पाइप आले की मागोमाग दुरुस्तीचा ओटा येतो, ओट्यावर सामान येतं. पाइपांसाठी मागच्या भिंतीलगत नऊ इंचांची वेगळी वाट आखली आहे. उद्या तो नकाशा घेऊन पुन्हा त्याच्यासमोर बसायचं आहे, आणि या वेळी बोलणार आहे ती.