उकिरड्यावरची छत्री

परवा चार दिवस गावी जाऊन आले. गाव म्हणजे आमचं करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या काठचं. खरं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, हे नंतर वर वसवलेलं. पाऊस पडून गेला होता आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. राखाडी, नाजूक, सकाळी ताठ उभ्या आणि दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळणाऱ्या.

भाची बी.एस्सी.ला आहे. मीही कधीकाळी वनस्पतिशास्त्रच घेतलं होतं, त्यामुळे तिच्या इंग्रजी नोट्स मराठीत समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. ओसरीवर एक छत्री उलटी धरून म्हटलं, "हे बघ, हे कल्ले."

आक्काआत्या शेंगा फोडत बसली होती. "चिलापीला असत्यात तसं?"

"हो, अगदी तसेच!"

या कल्ल्यांवर मुख्यतः दोन तऱ्हेच्या पेशी महत्त्वाच्या. एक बॅसिडियम. तिच्या टोकाला बहुधा चार बीजाणू येतात. दुसरी सिस्टिडियम, बहुतेकदा जास्त मोठी आणि फुगीर, पण तिला बीजाणू येत नाहीत. ग्रीक भाषेतल्या 'पिशवी' अशा अर्थाच्या शब्दावरून १८३७ साली लेव्हेये या फ्रेंच अभ्यासकाने हे नाव दिलं. पुढे जागेप्रमाणे पोटनावं पडली. कल्ल्याच्या कडेवर असेल तर चायलो (म्हणजे ओठ), बाजूवर असेल तर प्लुरो (म्हणजे बरगडी), देठावर कॉलो, टोपीवर पायलिओ. कुणाला शिंगं, कुणाच्या टोकावर स्फटिक. दोन सारख्या दिसणाऱ्या अळंब्या वेगळ्या ओळखायच्या तर पुष्कळदा या पेशी बघाव्या लागतात.

भाचीने वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "सिस्टिडियम म्हणजे वांझ पेशी."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

आक्काआत्याला मूल झालं नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी ती माहेरी परत आली, ती कायमचीच. पाणी चढू लागलं तेव्हा जुन्या घराची दारं-तुळया बैलगाडीतून वर आणण्यात ती पुढे होती म्हणतात. आम्हा पाचही भावंडांना न्हाऊमाखू घातलं ते तिनेच. आणि हा शब्द तिने हळदीकुंकवाला, बारशाला, किती वेळा ऐकला असेल देव जाणे.

मी विषय बदलणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मग ती करती तरी काय?"

सांगितलं. याच शाईच्या छत्र्यांच्या जातीवर बुलर नावाच्या संशोधकाने १९१० साली लिहिलं आहे. हिचे कल्ले कागदासारखे पातळ आणि अगदी जवळजवळ. ते एकमेकांना चिकटले तर बीजाणू खाली पडणारच नाहीत. या पेशी दोन कल्ल्यांच्या मधे खांबासारख्या उभ्या राहतात. बीजाणू कडेकडून पिकत वर येतात आणि त्यांची वेळ आली की त्या भागातले खांब आधीच विरघळून वाट मोकळी करतात. सगळ्या अळंब्यांत सिस्टिडियमचं काम हेच असतं असं नाही, पण हिच्यात आहे.

आक्काआत्याने छत्री हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली. अर्थातच नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही.

"घर धरून ठेवती म्हण की. मग तिला नाव ते का ठेवलं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीने तो शब्द खोडून 'बीजाणू न धरणारी आधारपेशी' असं लिहिलं. मी म्हटलं, परीक्षेत 'वंध्य'च लिही, नाहीतर मार्क जातील. म्हणाले खरी, पण तेव्हापासून चुटपूट लागली आहे. एवढ्या वर्षांत आक्काआत्याला या शब्दाबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाहीच विचारलं.

संध्याकाळी उकिरड्यावर पाहिलं तर शाईचे डाग तेवढे उरले होते.

असो. तुमच्याकडे या छत्रीला काय म्हणतात? जरूर कळवा.