न बोललेलं

ध्वनिमुद्रणाचं कुठलंही नवं यंत्र हाती आलं की मी पहिल्यांदा त्यात काहीच बोलत नाही. रेकॉर्डिंग सुरू करते, अर्धा मिनिट गप्प बसते आणि मग तेवढाच भाग कान लावून ऐकते. बोललेलं बहुतेक सगळी यंत्रं बरं टिपतात. न बोललेल्याचं ती काय करतात, त्यावरून मी त्यांना जोखते.

ही खोड आकाशवाणीतली. ऐंशीच्या दशकात पुणे केंद्रावर श्रुतिकांमध्ये मला लहानसहान भूमिका मिळत. स्क्रिप्टची टाचणी आधीच काढून ठेवायची, कागद सुटे करायचे आणि वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सरकवायचं, हे पहिले धडे. रेकॉर्डिंग व्हायचं पाव इंच रुंदीच्या टेपवर. ती सेकंदाला साडेसात इंच धावायची, म्हणजे एका सेकंदाचा विराम जवळजवळ एक वीत भरायचा. विराम असा हातात धरता येई. कुणी फंबल केलं, की संपादन करणारे गृहस्थ स्पूल हाताने मागेपुढे फिरवून जागा शोधत, पिवळ्या पेन्सिलीने खूण करत, ब्लेडने टेप तिरकी कापत आणि चिकटपट्टीने सांधत. तिरकी अशासाठी, की सांध्यावर खट्ट वाजू नये. आणि विराम वाढवायचा असेल, तर कोरी टेप कधीच जोडत नसत. त्यासाठी रेकॉर्डिंग संपल्यावर आम्हा सगळ्यांना श्वास आवरून उभं करून रिकाम्या स्टुडिओचा आवाज वेगळा घेतलेला असे. तोच तुकडा मध्ये बसायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, हे मला तिथे कळलं.

पुढे कॅसेटवर अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचली. कॅसेटची टेप अरुंद आणि धावायची सेकंदाला दोन इंचांहूनही कमी, त्यामुळे प्रत्येक विरामात सूंऽऽ भरलेलं. मुलांची तक्रार नव्हती. त्यांना परीक्षेची घाई.

फोनवर पहिल्यांदा कथा वाचली, तेव्हा मात्र ऐकताना चक्रावले. मी बोलत असताना पंखा गप्प, आणि मी थांबले की तो चालून यायचा. फोन मुळात बोलणं पलीकडे पोचवायला बनवलेला. कुणी हळू बोललं की तो आपणहून आवाज चढवतो, जोरात बोललं की उतरवतो. विरामात काहीच सापडलं नाही, की आणखी चढवतो आणि पंख्याला पकडतो. शिवाय बहुतेक फोनांत एकाहून जास्त मायक्रोफोन असतात. एक तोंडाशी, दुसरा आसपासचा गोंगाट ओळखून वजा करायला. या वजाबाकीत मराठीचा जीव जातो. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि आवाज नेमका तिथेच उतरतो. ‘आहे’मधला ‘हे’, ‘होतं’चा लांबलेला शेवट, हे फोनच्या हिशेबी गोंगाटात जमा होतं. भाजीवाल्याशी बोलताना काही बिघडत नाही. कथा मात्र लंगडी होते.

तरीही फोनवर व्यावसायिक काम होतं का, असं कुणी विचारलं तर मी होतं म्हणते. 2017 साली स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी ऑडिओबुकांना जोर चढला. 2020 च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले आणि आमच्यातले कितीतरी जण कपाटात तोंड घालून वाचू लागले. मीही साड्यांच्या कपाटासमोर बसले, पाठीमागे दोरीवर गोधडी टाकली. ज्यात आवाजाची लेव्हल आपल्या हाताने ठरवून कायम करता येते असं अ‍ॅप घेतलं, यूएसबीचा माइक जोडला. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, वेव्ह फाईल. तासाला अर्धा जीबी जातो, जाऊ दे. फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन रडण्याच्या प्रसंगी बँकेचा मेसेज येतो. माइक तोंडापासून वीतभर आणि जरासा बाजूला, कारण ‘भ’ आणि ‘फ’ समोरून सोडले की माइकवर धाडकन आदळतात. स्क्रिप्ट टॅबलेटवर. कागदाची कुरकुर गेली, हे सुख. पण टॅबलेट टेबलावर आडवा ठेवला, तर आवाज काचेवर आपटून माइकमध्ये परत येतो आणि मानही खाली जाते. म्हणून तो स्टँडवर, तोंडासमोर तिरका. एवढं केलं तरी वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येतोच. गणपतीचे दहा दिवस मी कामच घेत नाही.

काम देणारे अलीकडे शांतता आकड्यात मागतात. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुकांच्या मंचाचा नियम असा, की विरामातला आवाज उणे 60 डेसिबलच्या वर जाता कामा नये. नियम वाजवी आहे. पण तो पाळायला काही जण गोंगाट पुसणारं बटण दाबतात, आणि विराम पार शून्य होतो. इअरफोन लावून ऐकणाऱ्याला वाटतं, फोन अडकला. मी अजूनही खोलीचा आवाज अर्धा मिनिट वेगळा घेते आणि कापलेल्या जागी तोच भरते.

खरी पंचाईत पडद्याची आहे. टेप कापणारा माणूस कानाने कापायचा, आता आपण डोळ्यांनी कापतो. बोललेलं पडद्यावर डोंगरासारखं उठून दिसतं, विराम नुसती सपाट रेघ. ती दिसली की बोट शिवशिवतं. ठरावीक लांबीपुढचे सगळे विराम एका फटक्यात आखडून टाकण्याचीही सोय असते. मागे एका निर्मात्याने माझी कथा अशीच आटोपशीर करून ऐकायला पाठवली. प्रसंग साधा. मुलगा आईला विचारतो, “येशील ना माझ्याकडे राहायला?” ती “नाही” म्हणते. मी वाचलं होतं तेव्हा मध्ये तीनेक सेकंद होते आणि म्हातारी अगतिक वाटत होती. आलेल्या फाईलीत ती मुलाच्या अंगावर खेकसत होती. शब्द तेच, आवाज माझाच. मी विराम पुन्हा जागेवर घालून फाईल परत पाठवली आणि खाली लिहिलं : इथे कापू नका, बाई विचार करते आहे.