माइक बंद ठेवा

लातूरच्या ट्यूशन एरियात दिवसभर मी ऑनलाइन वर्ग सांभाळायचं जे काम करते, तेच रात्री साडेआठला घरी बसून पुन्हा करते. दिवसा 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुलं, रात्री गीता शिकणाऱ्या बाया आणि थोडे निवृत्त पुरुष. लिंक तशीच, बटणं तीच आणि तक्रारीही त्याच. आवाज येईना, पडदा दिसंना, मला आपोआप बाहेर काढलं. दिवसाच्या कामाचा पगार मिळतो, रात्रीच्या कामाला सेवा म्हणतात. मुलं कॅमेरा बंद करून झोपा काढतात. रात्रीच्या वर्गातल्या एक आजी पाठीमागं समई लावून बसतात, आणि त्या उजेडापायी त्यांचा चेहरा काळाठिक्कर दिसतो. समई बाजूला घ्या, हे सांगायला माझी जीभ अजून रेटलेली नाही.

वर्ग सुरू व्हायच्या आधी लिंक उघडायची. नांदेडहून शिकवणाऱ्या गुरुजींना आत घ्यायचं. फोनच्या मॉडेलच्या नावानं कुणी आलं असेल तर खरं नाव विचारून ते बदलायचं. श्लोकांची पीडीएफ पडद्यावर सरकवत राहायची. आणि सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे. यातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकाचा जरी माइक चालू राहिला तरी कुकरच्या शिट्ट्या, जावयाचा फोन आणि टीव्हीवरची मालिका बाराव्या अध्यायात घुसते.

हे वर्ग 2020च्या टाळेबंदीतले. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकासुद्धा एसटीच्या बसनं पंढरपूरला गेल्या, तिथं आमच्या गीता शिकणाऱ्या मंडळाचं काय! त्याच काळात संगमनेरच्या गीता परिवारानं गीतापठणाचे मोफत ऑनलाइन वर्ग सुरू केले. स्वामी गोविंददेव गिरींनी 1986 साली स्थापन केलेली ही संस्था. तिनं पहिला स्तर बारावा आणि पंधरावा अध्याय एवढाच ठेवला, वीस-वीस श्लोकांचे दोन सुटसुटीत अध्याय. रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, शिकवणाऱ्याच्या जोडीला तांत्रिक मदत करणारा सेवेकरी. या सेवेकऱ्याची जागा वेगळी मानली, हे मला फार आवडलं. आमचं मंडळ त्या मानानं अगदी लहान. नात्यागोत्यातून आणि गल्लीतून जमलेलं. अध्यायांची निवड आम्ही त्यांच्याकडूनच उचलली. 2016 नंतर डाटा स्वस्त झाला नसता तर उदगीर, औसा, कंधार, मुखेडकडच्या बाया एका वर्गात बसल्याच नसत्या.

आता खरी अडचण सांगते. धर्माचं शिक्षण आपल्याकडं मुळात एकत्र आवाजाचं. हरिपाठ घ्या, आरती घ्या, भजन घ्या. एकटा माणूस म्हणायला लागला की त्याला कसंसंच होतं. आणि ऑनलाइन वर्गात नेमकं हेच होत नाही. सुरुवातीला एका एकादशीला आम्ही हौसेनं सगळ्यांचे माइक उघडले आणि हरिपाठ लावला. पहिल्या कडव्यालाच सगळं विस्कटलं. कुणी पुढं, कुणी मागं, कुणाचा शब्द अर्धाच. एक काका रागावले, "अहो, थोडं सगळ्यांसंगं म्हणा की!" सगळे सगळ्यांसंगंच म्हणत होते. आवाज तेवढे संगं पोचत नव्हते.

याचं गणित साधं आहे. मंडपात दहा मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण तीस मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर कानाला चालतो. त्यापुढं गेलं की ताल सुटायला लागतो. इंटरनेटवरून आवाज जातो तेव्हा तो आधी तुकड्यांत बांधला जातो, मग पाठवला जातो, मग पुन्हा जोडला जातो, आणि सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे दिंडीतले दोन वारकरी एकमेकांपासून पस्तीस-पन्नास मीटर लांब उभं राहून एकच अभंग धरू पाहताहेत, असं समजा. त्यात ॲपची आणखी एक सवय: दोघंतिघं एकदम बोलले की जो मोठा त्याला उचलायचं, बाकीच्यांना दाबायचं. मीटिंगसाठी हे शहाणपणाचं आहे. भजनासाठी नाही.

दुसरं दुखणं गोंगाट गाळण्याचं. ॲप माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकी सगळं कचरा समजून काढून टाकतं. टाळ कचरा, पखवाज कचरा, पेटीचा लांबलेला सूर पंख्याच्या घरघरीसारखा म्हणून कचरा. माझं माहेर नांदेडचं, सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लाउडस्पीकरवरून ऐकत मी वाढले. तिथली एक मैत्रीण मुलांना फोनवरून गुरबाणीची संथ्या, म्हणजे पठणाचे धडे, देते. तिनं एकदा वैतागून फोन केला की तबला वाजायला लागला की आवाजच जातो. तिला सांगितलं, सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज ठेवायची सोय असते, ती चालू कर. तबला आला. पण त्याच्याबरोबर शेजारच्या वर्कशॉपची वेल्डिंगही आली.

आमच्या गुरुजींनी हे सगळं फार लवकर ओळखलं आणि सरळ जुन्या वाटेवर गेले. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, पण लहानपणी संथा घेतलेले. संथेत गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा. आमच्या वर्गात गुरुजी एक चरण म्हणतात आणि थांबतात. त्या थांबण्यात सगळे आपापल्या घरी, माइक बंद ठेवून, दोनदा म्हणतात. गुरुजींना काहीच ऐकू येत नाही. चौकोनांत हलणारे ओठ तेवढे दिसतात, तेही ज्यांचा कॅमेरा चालू असतो त्यांचे.

मला या वर्गाबद्दल जे म्हणायचं आहे ते या थांबण्याबद्दलच आहे.

आमच्या वर्गातल्या बहुतेक बाया साठीच्या पुढच्या. वेदांची संथा मुंज झालेल्या मुलांची; गीतेला तशी बंदी कुणी घातलेली नव्हती, पण शुद्ध उच्चार शिकवणारी माणसं त्या संथेच्याच ओसरीवर बसलेली आणि त्या ओसरीवर कुणी चढायचं हे गावानं कधीच ठरवून टाकलेलं. देवळात पारायणाला बसलं तरी वाचायचं दुसऱ्यानं, यांनी हात जोडून ऐकायचं. मोठ्यानं म्हटलं आणि चुकलं तर चारजणींत हसू होणार. या बायांनी जन्मभर पुष्कळ ऐकलंय. म्हटलंय फार कमी.

माइक बंद असतो तेव्हा चुकलेलं कुणाला ऐकू जात नाही. औशाकडच्या एक मावशी किराणा दुकानाचं शटर ओढून आतल्या पोत्यांवर बसून वर्ग करतात. त्या मला म्हणाल्या, "पोरी, मी लय जोरात म्हणायलेय बघ. कुणी ऐकंना, मग कशाची लाज?" मी आजवर माइक बंद करणं म्हणजे शिस्त लावणं समजत होते. दिवसाच्या वर्गात ते तसंच आहे, पोरांनी गोंधळ घालू नये म्हणून. रात्रीच्या वर्गात तेच बटण मावशींच्या दुकानाला दार होतं.

गुरुजींना हे पटत नाही, आणि त्यांचंही चूक नाही. संथा म्हणजे कानानं दुरुस्त करणं. शिकवणाऱ्यानं ऐकलंच नाही तर चूक पक्की होते, आणि पक्की झालेली चूक काढणं नवं शिकवण्याहून अवघड. "मी भिंतीला शिकवतोय का ओ ताई?" असं ते कधीमधी विचारतात. म्हणून शुक्रवारी एकेकाचा माइक उघडून म्हणायला लावायचं ठरलं. झालं असं की शुक्रवारी हजेरी निम्म्यावर आली. ज्या येत त्यांची लाइट नेमकी आपली पाळी आली की जायची. मराठवाड्यात लाइटवर कुणी संशय घेत नाही.

यात आणखी एक ताण आहे, लातूरचा. इथं शिकणं म्हणजे पॅटर्न: चाचणी, गुण, फ्लेक्सवर फोटो. आमच्या मंडळातल्या उत्साही तरुणांनी प्रमाणपत्रं, स्तर, रोजच्या हजेरीचा तक्ता असं सगळं आणलं. मावशींना प्रमाणपत्र आवडलं, त्यांनी ते दुकानात गणपतीशेजारी लावलं, म्हणून मी फार बोलत नाही. पण हजेरीचा तक्ता ग्रुपवर टाकायचा आग्रह धरला तेव्हा मी नाही म्हटलं. तो धंदा दिवसा पुरेसा करते.

गुरुजींचा एक हट्ट मात्र मी आनंदानं पुरवते. त्यांना पडद्यावर अक्षर मोठं हवं, संधी सोडवलेला हवा, ऱ्हस्वदीर्घावर रंग हवा. तंत्राला ते एरवी नावं ठेवतात, पण लातूरपासून फार लांब नसलेल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचं उदाहरण त्यांच्या तोंडी कायम. सोळाव्या शतकात या माणसानं सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा गीतार्णव लिहिला आणि पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं मिश्रण, समजावायला लांबच लांब कापडावर, पासोडीवर, मजकूर आणि आकृत्या उतरवल्या. गुरुजी म्हणतात, "बघा, पडदा तेव्हाही होताच. पण लाइट जात नव्हती."

गीताजयंतीला सगळ्यांनी लातूरला प्रत्यक्ष जमायचं ठरलं. एका मंगल कार्यालयाचा लहान हॉल मिळाला. गुरुजी नांदेडहून एसटीनं आले. कंधारच्या आल्या, उदगीरच्या आल्या, मावशी दुकान मुलावर सोपवून आल्या. चौकोनात पाहिलेली माणसं अंगानं किती उंच आणि बुटकी असतात याचंच आधी हसू झालं. मग बारावा अध्याय सुरू झाला, आणि चालीला, वेगाला सगळ्या एक. वर्षभर एकमेकींना न ऐकता एकाच आवाजामागं म्हटल्याचा हा परिणाम.

गुरुजींनी मात्र मध्येच हात वर केला. श्लोकांच्या शेवटी 'प्रियः' पुन्हा पुन्हा येतं, आणि विसर्ग कुणीच म्हणत नव्हतं. एकीनंही नाही. गुरुजी तो रोज स्पष्ट म्हणायचे, पण तो निव्वळ श्वास. गोंगाट गाळणाऱ्या सोयीला श्वास आणि पंखा यांत फरक दिसत नाही. अपडेट आलं की ते सेटिंग पुन्हा चालू व्हायचं, बंद केलं तरी. शुक्रवारी बायांचा विसर्ग ऐकू आला नाही तेव्हा गुरुजींनी समजूत करून घेतली होती की तो मशीननं खाल्ला. मशीननं खाल्ला होताच, पण अलीकडून, त्यांचाच.

ते खाली बसले आणि पोटभर हसले. मग म्हणाले, चला, आत्ताच दुरुस्त करू, एकेकीनं म्हणा. हॉलमध्ये एकदम शांतता. मावशींनी पिशवी उचलली.

"करतो की दुरुस्त, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी. घरी. आणि ताईला सांगा, माइक बंद ठेवायला."