पट्टा बदलून मिळेल

मार्च सरता सरता बर्डीच्या फुटपाथवर स्कार्फ आणि कोपराच्या वर जाणारे हातमोजे दिसू लागतात. त्यांच्याच बाजूला, चिमट्यांनी दोरीला अडकवलेले, अंगठ्याचे मोजे असतात. अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एका खोळीत. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की स्कुटीवरच्या बाईचे डोळे सोडले तर काही उघडं राहत नाही, मग पाय तरी का राहावेत? साधा मोजा घातला तर चपलेचा अंगठा बसत नाही, म्हणून ही फट. रंग बहुधा एकच. दुकानदार त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात, आणि तो आपल्याकडच्या फारच थोड्या कातड्यांशी जुळतो. पण त्यात काळेही मिळतात, ठिपक्यांचेही मिळतात, आणि काळ्या मोज्यावर तीच जुनी सँडल एकदम बंद बुटासारखी दिसते. उन्हावरचा इलाज म्हणून घेतलेली फुटकळ किमतीची वस्तू पायातल्या जोडाचं रूपच बदलून टाकते, आणि कुणी तिला फॅशन म्हणत नाही.

याच युक्तीचं एकदा फार कौतुक झालं होतं. साल्वातोरे फेरागामो या इटलीतल्या नामांकित जोडे करणाऱ्याने १९५१ साली, फ्लॉरेन्समध्ये इटालियन फॅशन जगासमोर प्रथमच एकत्र मांडली जात होती तेव्हा, ‘किमो’ नावाची सँडल केली. बाहेरून चामड्याच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी, आत घोट्यापर्यंत येणारा सॅटिनचा किंवा मऊ चामड्याचा मोजा. पोशाख बदलला की आतला मोजा बदलायचा, सँडल तीच. कल्पना जपानी ‘ताबी’वरून घेतलेली, आणि ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेला मोजाच. फेरागामोचं काम आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात काचेमागे आहे. बर्डीचं काम भर दुपारी धरमपेठच्या सिग्नलला हिरव्या दिव्याची वाट पाहत उभं असतं.

तळ एक आणि वरची रूपं अनेक, ही कल्पना जगात पुन्हा पुन्हा कुणीतरी नव्याने शोधून काढतं. कुठे दाबबटणांनी बसवायचे पट्टे, कुठे तळाच्या कडेच्या फासांतून ओवायच्या रिबिनी, कुठे बेलीवर चढवायचं ताणणारं कापडी आवरण, कुठे टाचच काढून दुसरी लावायची सोय. सांगितला जाणारा हिशेब मोहक असतो: एक जोड घ्या, आवरणं सहा घ्या, कपाटातली जागा वाचेल, पैसे वाचतील, प्रवासाची बॅग हलकी होईल. ज्या समाजात ब्लाउजपीस, परकर आणि फॉल यांच्यासाठी ‘मॅचिंग सेंटर’ नावाचं स्वतंत्र दुकान चालतं, तिथे या हिशेबाला गिऱ्हाईक मिळायला हरकत नसावी. कल्पना चांगली आहे, असंच माझं मत. मात्र ती एका चुकीच्या समजावर उभी आहे. तळ टिकाऊ आणि वरचा भाग चार दिवसांचा, म्हणून टिकाऊ भाग ठेवायचा आणि चार दिवसांचा बदलायचा, हा तो समज. आजच्या बायकांच्या चपला नेमक्या उलट्या मरतात.

लग्नासाठी घेतलेली, खड्यांची, शालूला साजेशी सँडल एकदा वापरून खोक्यात जाते. चार-पाच वर्षांनी पुढच्या लग्नाला बाहेर काढावी तर खडे जागच्या जागी, जर तशीच चकचकीत, आणि तळाचा भुगा. लॉनच्या फाटकापासून स्टेजपर्यंत काळ्या-तपकिरी चुऱ्याची रांग पडत जाते. यात घालणारीचा हलगर्जीपणा नसतो. हलका आणि मऊ म्हणून सर्रास वापरला जाणारा पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याशी हळूहळू रासायनिक क्रिया करत राहतो, त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, आणि जोड पायात आहे की खोक्यात याचं त्या क्रियेला काही सोयरसुतक नसतं. उष्णता आणि दमटपणा दोन्ही तिला मदत करतात, आणि आपल्याकडे आधी भट्टी पेटते व लगेच तिच्यावर पाऊस पडतो. जे तळ भुगा होत नाहीत ते सुटतात. वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये शिलाई नसते, नुसता गोंद असतो. उन्हात उभ्या स्कुटीच्या डिक्कीत सँडल राहिली की तो मऊ पडतो आणि संध्याकाळी मोची जोड हातात न घेताच सांगतो, ‘पेस्टिंग निघालं.’ ठेवणीतला शालू आजीकडून नातीकडे जातो. सँडल जाऊच शकत नाही. अशा तळासाठी सहा आवरणं घेणं म्हणजे भाड्याच्या घराला सागवानी दारं बसवणं.

आता ज्या जोडात वरचा भाग खरोखर बदलतो, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बदलत आलाय, त्याच्याकडे वळू. तो म्हणजे हवाई चप्पल. रबराचा तळ, त्याला तीन भोकं, पुढे एक, मागे दोन. त्यांतून जाणारा दोन फाट्यांचा पट्टा, टोकांना रबराच्याच गोल चकत्या. ना खिळा, ना टाका, ना गोंद. सगळ्यांत आधी बहुतेक अंगठ्यापाशी दगा बसतो: दांडा तुटतो, नाहीतर भोक घासून रुंदावतं आणि चकती निसटून वर येते. भोक रुंदावलं असेल तर चकतीच्या वर, तळाच्या खाली, एक सेफ्टी पिन आडवी टोचायची आणि चालू लागायचं. मंगळसूत्राला वा बांगडीला सेफ्टी पिना अडकवून ठेवण्यामागे या चपलेचाही हात असावा. दांडाच तुटला तर नवा पट्टा. किराणा दुकानात, बाजाराच्या दिवशी टोपलीत, मोच्याच्या पेटीवर त्यांचे जुडगे टांगलेले असत, नंबराप्रमाणे. बसवण्याचीही रीत आहे. चकती भोकापेक्षा मोठी असते, म्हणून तिला साबणाचं पाणी लावायचं, सुतळीच्या फासात धरून खालून ओढायचं, आणि भोक तिला गिळून एकदम पलीकडे सोडतं. निळा पट्टा गेला आणि दुकानात हिरवाच असला तर हिरवा. एकाच पायातला गेला असेल तर एक निळा, एक हिरवा. दुसरा शाबूत असताना फेकायचा कशाला? इकडे तळही आपल्या गतीने बदलत असतो. वरचा पांढरा थर टाचेखाली घासत जातो आणि एके दिवशी खालचा निळा थर टाचेच्याच आकारात उगवतो. मालकिणीच्या पायाचं इतकं हुबेहूब चित्र तिच्या घरात दुसरं कुठलं नसतं.

ही दुरुस्ती आहे, सजावट नव्हे, असा आक्षेप येईल. येऊ द्या, पण दोन्हींमधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही. ब्राझीलमध्ये १९६२ पासून ‘हवायानास’ नावाची अशीच चप्पल निघते: जपानी गवती ‘झोरी’वरून घेतलेली, वरून पांढरी, पट्टा आणि खालची बाजू रंगीत, गरिबाघरची म्हणून ओळखली जाणारी. तिथल्या तरुणांनी पट्टे काढले, तळ उलटे केले, रंगीत बाजू वर आणली आणि पट्टे पुन्हा बसवले. झाली एकरंगी नवी चप्पल, एक पैसा न देता. कंपनीने ते पाहिलं आणि १९९४ मध्ये एकरंगी चपला स्वतःच बाजारात आणल्या. जोड मोडला तर तो उघडता यावा म्हणून ठेवलेली सोयच नटण्याच्या कामी आली. उलटा प्रवास मात्र घडताना दिसत नाही. निव्वळ नटण्यासाठी केलेल्या आवरणाच्या सँडलचा तळ गेला की सहाही आवरणं अनाथ होतात, कारण ती दुसऱ्या कुठल्याच तळावर बसत नाहीत. बटणांमधलं अंतर कंपनीचं, फासांची संख्या कंपनीची, नमुन्याचा हक्क कंपनीचा. अमेरिकेत २००५ साली एका आईने मुलांच्या क्रॉक्सच्या भोकांत घरातली बटणं आणि फुलं खोवली. त्या खुंट्यांचा ‘जिबिट्झ’ नावाने धंदा झाला आणि पुढच्याच वर्षी क्रॉक्सने तो १ कोटी डॉलरला विकत घेतला. भोकं ज्याची, त्याने सजावटही आपल्याकडे घेतली. हवाई चपलेची तीन भोकं कुणाच्या मालकीची नाहीत. म्हणून आवरणवाल्यांनी आधी आपसांत एक माप ठरवावं, रंगांचा विचार मागाहून करावा. ते होत नाही तोवर त्यांची स्वस्ताई पहिल्या जोडापुरतीच.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो जुना आहे: बायकांच्या चपलेचं रूप हा काय विचार करण्याचा विषय झाला? पाच वारी पायघोळ नेसल्यावर पाय दिसतो कुणाला, आणि दाराशी येताच तर जोड बाहेरच राहतो. दिसण्यापुरतं उत्तर सोपं आहे: लेगिंग आणि स्कुटी यांनी पाय केव्हाच उघड्यावर आणलाय. पण आक्षेपाच्या पोटातली तुच्छता अशा उत्तराने भागत नाही. आपल्याकडे बाईच्या पायात काय आहे, मुळात काही आहे की नाही, यावर रस्त्याचं फार बारीक लक्ष होतं. आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर जोडे घालून, छत्री घेऊन निघाल्या म्हणून लोकांनी त्यांच्यावर दगड भिरकावले, असं सांगितलं जातं. त्या ब्राह्मण घरच्या होत्या, तरी ही गत. गावकुसाबाहेरच्या बाईला आणि पुरुषाला वरच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. मग डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर डॉ. आंबेडकर बायकांशी बोलले, ते नेसण्याबद्दल बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचण्याची रीत सोडा, ते पायघोळ नेसा, गळ्याहातातले कथलाचे नि चांदीचे ढीग उतरवा, कारण त्यांवरून जात ओळखली जाते. हे वरवरचं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, दलित महिलांची परिषद भरली. महाडला आपलं दिसणं आपल्या हातात घेतलेल्या बायकांपासून अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईपर्यंतचं अंतर १५ वर्षांत कापलं गेलं होतं. यातून रंगीत आवरणं घेणारी प्रत्येक मुलगी क्रांती करते असं मी म्हणत नाही, ती बहुधा कुर्तीला जुळेल असं काहीतरी शोधत असते. पण आपण कसं दिसायचं हे स्वतः ठरवण्याची मुभा ज्यांना आयतीच मिळाली, त्यांनी तिला छचोर म्हणू नये. आपल्या लग्नांत नवऱ्याचे जोडे लपवायची हौस हिंदी सिनेमाकडून उसनी आली, त्यांच्यावर हजारोंची घासाघीस होते, ते कुणाला छचोर वाटत नाही.

खरी अडचण शेवटी पैशांची आहे. हवाई चपलेच्या पट्ट्यांचे जुडगे दुकानांतून कमी होत गेले, कारण नवा जोडच इतका स्वस्त झाला की साबणाचं पाणी करण्याचे कष्ट कुणी घेईना. कोल्हापुरीचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, अंगठा तुटला तर मोची नवा बसवून देतो. पण रस्त्यावर ‘कोल्हापुरी’ म्हणून मिळणारा रेक्झिनचा जोड त्या दुरुस्तीच्या दरातच येतो. आवरणाची स्पर्धा दुसऱ्या आवरणाशी नसून या अख्ख्या, चिकटवलेल्या, टाकाऊ जोडाशी आहे. ती याआधी एकदा मोठ्या प्रमाणावर हरलेली आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात जोड्यांना बक्कल आलं. सॅम्युअल पीप्सने आपण ते लावायला सुरुवात केल्याची नोंद जानेवारी १६६० मध्ये रोजनिशीत करून ठेवली. हे बक्कल सुटं असे. चांदीचं, पोलादाचं, काचेच्या खड्यांचं. जोडा झिजला की काढून नव्यावर लावायचं, समारंभाला एक, रोजचं दुसरं. तळ बदलायचा आणि शोभा ठेवायची, म्हणजे आजच्या आवरणवाल्यांच्या नेमकं उलट, आणि मला विचाराल तर जास्त शहाणपणाचं. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या गावांत हजारो कारागीर त्यावर जगत. मग नाडी आली. १७९१ मध्ये बक्कल करणाऱ्यांनी युवराजाकडे अर्ज नेला की आमची चूल विझते आहे, काहीतरी करा. युवराजाने आपल्या पदरच्या माणसांना नाड्या सोडून बक्कल लावायची ताकीद दिली. त्यांनी ती पाळली म्हणतात. बाकीच्या इंग्लंडने नाडीच बांधली.