पिकअपचं नाक वर!

लाँग वीकएंड, चार दोस्त आणि डबल कॅबिनची पिकअप. नांदेड-लातूर ट्रिपला आणखी काय हवं? ‘स्नॉर्केल!’ ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो. बॉनेटच्या बाजूनं निघून काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत जाणारं ते काळं नळकांडं. दिसतं जाम भारी. २०१६ मध्ये इसुझुची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तेव्हापासून पिकअप म्हणजे फक्त भाजीपाल्याची गाडी राहिलेली नाही, हे मान्य.

पण उपयोग काय? लोहा, अहमदपूर, चाकूर करत हायवेनं लातूर गाठायचं असेल तर निव्वळ शोभा. डांबर सोडून शेताच्या वाटेला लागलात की गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात इथली काळी माती पिठासारखी होते. पुढच्या ट्रॅक्टरचा फुफाटा बॉनेटपाशी दाट, टपाच्या उंचीला बराच विरळ. इंजिनला वरची हवा मिळाली की फिल्टर उशिरा चोंदतो. एवढा फायदा खरा. ट्रॅक्टरपासून जरा लांब राहिलात तर बराचसा फुकटातही मिळतो!

पॉवर वाढते म्हणता? विसरा. बाहेरून आणून बसवलेल्या उघड्या कोन फिल्टरनं आवाज वाढतो, बस्स. तो ओढतो बॉनेटखालची गरम, पातळ हवा. आणि हवा जास्त सोडणारा फिल्टर बऱ्याचदा धूळही जास्त सोडतो. मग टर्बोची पाती आणि सिलिंडर घासत बसतात.

आता पाणी. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच पट्ट्यात ते येतं तेव्हा एका रात्रीत येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात गावं पाण्याखाली गेली, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. अशा वेळी स्नॉर्केल एकच काम करतं. इंजिनात पाणी जाऊ देत नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये घोटभर शिरलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. तो वाचतो, तेही नळकांड्याचे सगळे जोड सीलबंद असतील तर. दारं, वायरिंग, डिफरन्शियलचे ब्रीदर मात्र होते तिथंच. हायलक्सला कंपनीनं दिलेली मर्यादा ७०० मिलिमीटरची. नळकांडं लावून ती वाढत नाही. शिवाय वाहतं दोन फूट पाणी पिकअपलाही उचलून नेऊ शकतं. आणि गढूळ पाण्याखाली फरशी पूल शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे स्नॉर्केलला कुठून कळणार?

हौस असेल तर बसवा, आमची ना नाही. पण पावसाळ्यात पुलावर पाणी दिसलं तर अलीकडच्या टपरीवर गाडी लावा आणि चहा सांगा. छोट्या ओढ्याचं पाणी पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा काही तासांत उतरतं. कधी निघायचं, ते टपरीवाल्या मामांना विचारा. मोबाइलवरच्या नकाशापेक्षा त्यांना तो ओढा जास्त माहीत असतो.