तोंड पाण्याकडे, पाठ गावाकडे

होर्नच्या बंदरावरचा होफ्टोरेन हा बुरूज पहिल्या भेटीत कुणाला फारसा जवळ करत नाही. अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत होर्न गाठावं, विटांची जुनी घरं बघत धक्क्यापर्यंत चालत यावं, तर हा गृहस्थ आपला पाण्याकडे तोंड करून उभा. अंगाने ऐसपैस, रंगाने करडा, भिंती जाडजूड. 1532 साली त्याला इथे उभं केलं ते शत्रूची गलबतं रोखायला, पाहुण्यांची सरबराई करायला नव्हे. तेव्हा तुसडेपणाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

डोक्यावरचा नाजूक मनोरा मात्र त्याला शोभत नाही, असं माझं मत. तो 1651 चा. तोपर्यंत गाव गब्बर झालं होतं आणि बुरजाच्या तोफांपेक्षा व्यापाऱ्यांच्या खतावण्यांना जास्त मान होता. देवमाशांची शिकार करणाऱ्या कंपनीने तर याच्याच पोटात कचेरी थाटली होती. अंगात ताकद असताना कारकुनी करावी लागली आणि वर ही टोपी.

त्याने पाठवणी केलेल्यांची यादी मात्र मोठी आहे. होर्नच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला आणि 1615 मध्ये विलेम स्खाउटन आणि याकोब ल मेर दोन जहाजं घेऊन निघाले. डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेचे दोन्ही ठाऊक मार्ग आपल्यापुरते राखून ठेवले होते, म्हणून यांना तिसरा शोधायचा होता. ‘होर्न’ नावाचं जहाज पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर जळून गेलं. ‘एन्द्राख्त’ उरलं, आणि जानेवारी 1616 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं. तेच केप हॉर्न. पुढे जावा बेटावर पोचल्यावर कंपनीच्या माणसाने ‘एन्द्राख्त’ जप्त केलं. हा माणूस यान पीटरसून कून, होर्नचाच. गाववाल्यानेच गाववाल्यांना गाठलं!

या कूनचा पुतळा बुरजाच्या पाठीमागे, काही मिनिटांच्या अंतरावर रोड स्टेन चौकात आहे. समोर 1609 ची वजनकाट्याची इमारत, बाजूला वेस्टफ्रीस संग्रहालय, आणि मधे हा 1893 पासून छाती काढून उभा. जायफळाचा सगळा व्यापार कंपनीच्या हाती यावा म्हणून 1621 मध्ये त्याने बांदा बेटं अशी मोडून काढली की तिथल्या मूळ रहिवाशांपैकी फारच थोडे मागे उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम होऊन गेले. श्रीखंडात जायफळ किसताना आपल्याला यातलं काही आठवत नाही. 2011 मध्ये एका क्रेनचा धक्का लागून कूनसाहेब चौथऱ्यावरून खाली आले. पुतळा असावा की नसावा यावर गावात वाद पेटलेला होताच. शेवटी तो परत वर चढवला, पण त्याच्या अत्याचारांची नोंद घेणारा नवा मजकूर लावून. मला हा तोडगा अर्धाच वाटतो. पाट्या वाचायला किती जण थांबतात?

बुरूज या भानगडीत कधी पडलाच नाही. जहाज बंदराबाहेर पडेपर्यंतची जबाबदारी त्याची. पलीकडे काय झालं ते त्याने विचारलं नाही. कूनच्या याच कंपनीने 1637 मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार टाकली होती. तिचे आता पडके अवशेष तेवढे उरलेत. होर्नच्या बुरजाची डागडुजी वेळच्या वेळी होत गेली.

त्याच्या वाट्याला आलेलं खरं दुःख वेगळं. त्याचा समुद्र गेला. समोरचं खारं पाणी म्हणजे झाउडरझे. 1916 च्या पुरानंतर डचांनी मनावर घेतलं आणि 1932 मध्ये 32 किलोमीटरचा बांध घालून त्याचं तोंडच बंद केलं. पाणी हळूहळू गोडं झालं, अँकोव्ही मासळी संपली, नकाशावर आयसलमेर हे नाव आलं. मग 1970 च्या दशकात आणखी एक बांध झाला आणि याच्यासमोरच्या पाण्याला मार्करमेर म्हणू लागले. वाड्याच्या वाटण्या झाल्या तरी देवडीवरून न हललेल्या जुन्या कारभाऱ्यासारखा हा आहे तिथेच राहिला.

धक्क्यावर अजून सपाट बुडाची जुनी शिडाची जहाजं लागतात. दोन्ही अंगांना टांगलेल्या भल्यामोठ्या लाकडी फळ्यांपैकी वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाची पाण्यात सोडली की जहाज आडवं सरकत नाही. उथळ झाउडरझेत खोल कणा चालत नसे, त्यावरची ही युक्ती. दोर डोलकाठ्यांवर आपटत असतात. जवळच कठड्यावर ब्राँझची तीन पोरं बसली आहेत, योहान फाब्रिसियसच्या 1924 च्या कादंबरीतली. त्यांचा कप्तान बाँटेकू मात्र खरा, होर्नचाच. 1619 मध्ये ब्रँडी काढताना मेणबत्तीने आग लागून त्याचं जहाज सुमात्राजवळ उडालं, तो वाचला, आणि त्याची रोजनिशी पुढे घरोघरी वाचली गेली.

बुरजात आता रेस्तराँ चालतं. होर्नपासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंतचा जुना बांध अलीकडे पुन्हा मजबूत करावा लागला. होर्नजवळ त्यासाठी वाळूची भर घातली, आणि पुरापासून राखण करणाऱ्या त्या वाळूवर उन्हाळ्यात गावकरी टॉवेल पसरून ऊन खात पडतात.