हरवलेली भूक आणि मोरजीचे रशियन सूप

घरात वयोवृद्ध माणूस असेल, तर ‘काही खावंसंच वाटत नाही’ हे वाक्य आपण कधी ना कधी ऐकले असेल. ऐकायला ते साधे आहे. सांभाळणाऱ्याच्या पोटात मात्र त्याने गोळा येतो. रक्तदाब मोजता येतो, औषधाची गोळी वेळेवर देता येते. पण घास कुणाच्या वतीने गिळता येत नाही. आमच्या घरी सात महिने हाच प्रश्न ठाण मांडून होता. त्याचे उत्तर जिथे सापडू लागले ती जागा ऐकून आपल्याला नवल वाटेल. गोव्यातील मोरजी गावचे ते एक रशियन उपाहारगृह होते.

प्रथम घरची परिस्थिती सांगते. आम्ही डहाणूजवळच्या मसोलीचे. सासूबाई विसाव्या वर्षी लग्न होऊन निफाड तालुक्यातून इथे आल्या. ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या मुलीला समुद्रकाठच्या घरी संसार मांडायचा होता. आल्या तेव्हा त्यांना बोंबील कसा साफ करतात हेही ठाऊक नव्हते. पुढे साऱ्या आळीत त्यांच्या हातच्या कालवणाचे नाव झाले. छप्पन्न वर्षे सासऱ्यांच्या वेळांवर आणि आवडींवर त्यांचे स्वयंपाकघर चालले. सासरे गेले आणि ते घड्याळच बंद पडल्यासारखे झाले. सात महिन्यांत त्यांचे वजन ५२ किलोंवरून ४६ वर आले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सहा ते बारा महिन्यांत, कोणताही प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड, मधुमेह, बद्धकोष्ठता, दातांचे व कवळीचे दुखणे, काही औषधांचा परिणाम, नैराश्य, क्वचित एखादा गंभीर आजार, असे कोणतेही कारण त्यामागे असू शकते. आमच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. कवळी सैल झाली होती, ती नीट करून घेतली. ‘ब१२’ जीवनसत्त्व कमी होते, ते सुरू झाले. मोठे असे काही निघाले नाही. ‘आता माणसांत ठेवा, थोडा हवापालट करा,’ असे त्यांनी सुचविले. धाकटी नणंद म्हापशाला असते. म्हणून जानेवारीत मी सासूबाईंना घेऊन तिच्याकडे गेले.

म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात शिरले, की शापोरा नदीच्या मुखाशी मोरजीचा किनारा लागतो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे इथे अंडी घालायला येतात. त्यासाठी किनाऱ्याचा काही भाग राखून ठेवलेला असतो. या शतकाच्या आरंभापासून थंडीच्या दिवसांत चार्टर विमानांनी रशियन पर्यटक गोव्यात मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांतील अनेकांनी मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यात मुक्काम केला. काही जण सारा हंगाम राहू लागले. त्यामुळे मोरजीला ‘छोटा रशिया’ असेही म्हणतात. दुकानांवर इंग्रजीच्या शेजारी रशियन लिपीतल्या पाट्या दिसतात. नारळीच्या बागेला टेकून एखादे उपाहारगृह असते आणि त्याच्या फळ्यावर आपल्याला एक अक्षर लागत नाही.

अशाच एका ठिकाणी आम्ही सावलीसाठी थांबलो. पाच-सहा मेजे, वेताच्या खुर्च्या, फारशी वर्दळ नाही. शेजारच्या मेजावर एक रशियन आजी एकट्याच बसून गडद लाल रंगाचे सूप सावकाश पीत होत्या. वर पांढऱ्या सायीसारखा गोळा आणि त्यावर बारीक चिरलेली हिरवी पाने. सासूबाईंनी मान वळवली. मग म्हणाल्या, “अगं, हा शेपूचा वास.”

तो शेपूच होता. रशियन भाषेत त्याला ‘उक्रोप’ म्हणतात, आणि आपल्याकडे कोथिंबीर जशी पदार्थावर भुरभुरतात तसा तो तिकडे सूप, बटाटे, काकडी, मासे अशा कशावरही पडतो. सूपाचे नाव बोर्श. मूळचे ते युक्रेनचे. तेथील बोर्शच्या परंपरेची युनेस्कोने २०२२ साली तातडीने जपायच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. पण रशियासह पूर्व युरोपभर ते घरोघरी रांधले जाते. बीट, कोबी, गाजर, बटाटा, कांदा यांचे हे आंबटगोड सूप अनेकदा गोमांसाच्या रश्शात शिजवतात. म्हणून आम्ही आधी चौकशी केली. केवळ भाज्यांचे सूपही मिळत होते. एक वाडगा मागवला.

सासूबाईंनी चमचाभर चाखले, मग आणखी एक. तिसऱ्या चमच्यानंतर त्या बोलू लागल्या. “आमच्या मळ्यात शेपू असायचा. आई मुगाची डाळ घालून करायची, बाजरीच्या भाकरीबरोबर. ह्यांना त्याचा वास सहन व्हायचा नाही. मग इथं आल्यावर कधी आणलाच नाही.” हे त्या कसलीही तक्रार नसल्याच्या स्वरात बोलल्या. वाडगा निम्म्याहून अधिक रिकामा झाला. नणंदेने आणि मी एकमेकींकडे पाहिले. पण दोघींपैकी कुणी त्यावर एक शब्द काढला नाही.

वाचकहो, त्या सूपात काही जादू होती असे मला म्हणायचे नाही. छप्पन्न वर्षे जी चव त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवली होती, ती परक्या लोकांच्या वाडग्यातून समोर आली. घरात आम्ही त्यांना मऊ खिचडी, पेज, भाज्यांचे सूप, सासऱ्यांच्या आवडीचे कालवण असे सारे देत होतो. कालवणाच्या वासाने सासऱ्यांची रिकामी जागाच समोर येई. शेपूच्या वासाला ती आठवण चिकटलेली नव्हती. तो लग्नाआधीच्या मुलीचा वास होता.

परमुलखात माणूस आपले अन्न किती घट्ट धरून ठेवतो, याचा आपल्या कोकणाशी जोडलेला एक जुना दाखला आहे. अफनासी निकितिन हा त्वेर शहरचा रशियन व्यापारी सन १४७० च्या सुमारास चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्याच्या प्रवासवृत्तात बाजार, घोडे, राजदरबार यांची वर्णने आहेत. पण मनाला लागते ती त्याची एक खंत. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपवासाचा बुधवार कोणता आणि शुक्रवार कोणता, हे त्याला कळेनासे झाले. आपल्याकडे चतुर्थी आणि एकादशी जशा महिन्याला आकार देतात, तसा त्याचा आकार हरवला होता. जोडीदार गेल्यावर कित्येक वृद्धांचे असेच होते. घर तेच, भांडी तीच. पण आज काय करायचे आणि कुणासाठी, हे सांगणारे पंचांगच हरवते. स्वतःच्या घरात माणूस परमुलखात येऊन पडतो.

आमच्या डहाणू-घोलवड पट्ट्यालाही हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत इराणातून जरथुष्ट्री कुटुंबे इथे आली आणि चिकूच्या वाड्या करून स्थिरावली. चिकूची झाडे इथल्या मातीची झाली. नवरोज मात्र त्यांनी आपलाच ठेवला. मोरजीतल्या त्या आजींच्या सूपाचेही तेच.

मसोलीला परतल्यावर आम्ही सासूबाईंना एकच प्रश्न विचारला. “लग्नाआधी तुम्हाला काय आवडायचं?” उत्तर एका दमात आले नाही. दोन-तीन दिवसांत एकेक नाव निघाले: शेपू, हुलग्याचे माडगे, बाजरीची खिचडी, आंबट चुक्याची भाजी. बाजारातून शेपूची जुडी आली. ती त्यांनी स्वतः निवडली. मोरजीच्या सूपाला आम्ही घरगुती रूप दिले आणि त्याला ‘लाल सार’ म्हणू लागलो.

कृती सोपी आहे. दोन-तीन जणांसाठी एक मध्यम बीट किसून घ्यावे. एक गाजर, अर्धा बटाटा, मूठभर चिरलेला कोबी, एक टोमॅटो आणि दोन लसूण पाकळ्या घ्याव्यात. चमचाभर तेलावर लसूण व भाज्या परतून, चार वाट्या पाणी घालून मऊ शिजवावे. गिळायला त्रास होत असेल, तर घोटून एकजीव करावे. मात्र पातळ पदार्थानेच ठसका लागत असेल, तर किती दाट करायचे हे डॉक्टरांना विचारावे. मीठ बेताचे, लिंबू चवीपुरते, आणि आच बंद केल्यावर बारीक चिरलेला शेपू. वाढताना जरा निवले की चमचाभर घुसळलेले दही घालावे. कढत सारात दही फाटते. केवळ भाज्यांच्या सारात प्रथिने कमी असतात, म्हणून सोबत मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे किंवा पनीर द्यावे.

काही सावधगिरी अवश्य घ्या. बीट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर होऊ शकते; त्याने घाबरू नये, पण बीट खाल्लेले नसताना तसे दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. बिटात ऑक्झलेट बरेच असते, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास बीट, बटाटा, टोमॅटो यांतील पोटॅशियमबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोबी व पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये वा कमी करू नये. रशियन जेवणात खारवलेली काकडी व आंबवलेला कोबीही असतो. त्यांत मीठ भरपूर. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आहे.

त्या जेवणातून उचलण्याजोगे आणखीही काही आहे. वय वाढते तशी वास आणि चव ओळखण्याची शक्ती मंदावते, म्हणून सपक अन्न अधिकच बेचव लागते. मीठ न वाढवता शेपू, कोथिंबीर, आले, लिंबू, कोकम यांनी पदार्थाला वास व आंबटपणा देता येतो. वृद्धांना तहानही कमी लागते. पातळ सारातून थोडे पाणी आपोआप जाते. मोठ्या ताटापेक्षा लहान वाटी बरी, आणि दोन वेळांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे. जेवण्याआधी तोंड स्वच्छ करावे, कवळी नीट बसली आहे ना ते पाहावे. आणि शक्य असेल तेव्हा शेजारी कुणीतरी स्वतःचे जेवण घेऊन बसावे. नुसते समोर बसून पाहणाऱ्यापेक्षा सोबत जेवणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. मोरजीहून परतताना सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, “तिथं कुणी माझे घास मोजत नव्हतं.” सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य जवळ ठेवावे. ‘अजून थोडं घ्या ना’ यामागे माया असते. पण दर घासाला ते ऐकू आले, की जेवण परीक्षेसारखे होते.

सासूबाईंचे वजन पुढच्या चार महिन्यांत दोन किलोंनी वाढले. पूर्वीइतके ते झालेले नाही, आणि काही दिवस अजूनही ताट तसेच परत येते. पण गुरुवारी शेपूची जुडी कुणी आणायची, हे आता त्याच ठरवतात. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारणीलाही लाल साराचा डबा दिला आणि वर बजावले, की शेपू आधी घालायचा नाही, शेवटी घालायचा.

आपल्या घरीही असे कुणी असेल, तर तपासण्या आणि औषधे चुकवू नका. ती पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणून निवांत वेळी शेजारी बसून विचारा, की संसार सुरू होण्याआधी, आईच्या घरी असताना, त्यांना काय आवडत असे. उत्तराला दोन दिवस लागले तरी लागू द्या. नाव कळले, की पिशवी घेऊन बाजारात जा; आणि त्यांचे पाय चालत असतील, तर त्यांनाही सोबत न्या.